पालक वर्गाचे चार शनिवार

गेल्या वर्षी मार्चमध्ये, एका बुधवारी दुपारी, आठवीतल्या एका मुलीनं नाव न घालता लिहिलेली चिठ्ठी मी तिच्या वडिलांना फोनवर वाचून दाखवली. त्यांनी शाळेच्या पालक वर्गाला यावं, एवढाच हेतू होता. वर्ग चार शनिवार चालणार होता. पहिला होऊन गेला होता. उरलेल्या तिन्ही शनिवारी ते आले.

यंदा फेब्रुवारी संपता संपता गॅलऱ्यांमधले कूलर पुन्हा झाडून पुसून निघाले. जाळ्यांतलं काळं पडलेलं गवत रस्त्याच्या कडेला येऊन पडलं. नवं गवत ओलं झालं की पहिले दोन दिवस घराला गोठ्याचा वास येतो, आणि आमच्याकडची मुलं त्या वासात वर्षभराचा अभ्यास करतात. संभाजीनगरच्या आमच्या उस्मानपुऱ्यात कडुनिंबाची पानगळ सुरू आहे. झाडणारी बाई सकाळी ढीग करून ठेवते. दुपारच्या वाऱ्यात तो पुन्हा रस्ताभर होतो. दोन वाजता गल्ली रिकामी असते, पण ती शांत नसते. प्रत्येक घरातून एक मोठा माणूस एका लहान माणसाला काहीतरी विचारत असतो. उत्तर ऐकू येत नाही. प्रश्न येतो.

याच दिवसांत शाळेचा संदेश फोनवर येतो. पालकत्व कौशल्य वर्ग, चार शनिवार, सकाळी दहा वाजता, शाळेचं सभागृह. दोन्ही पालकांची उपस्थिती अपेक्षित.

गेल्या वर्षी तो संदेश सगळ्यांना पाठवण्याचं काम माझ्याकडं होतं. माझी मुलगी मुक्ता तेव्हा आठवीत होती आणि मी त्या वर्गाची संपर्क पालक होते. मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम करते. काम संध्याकाळी सुरू होतं, त्यामुळं ही बाई सकाळी मोकळी असते, असा शाळेचा समज झाला होता. पालकांना फोन करायचे, वर्गाचं महत्त्व सांगायचं आणि त्यांना आणायचं. कसं आणायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या शनिवारी सभागृहात अकरा बाया आणि एक आजोबा होते. आजोबा पंख्याखाली बसायला आले होते आणि त्यांनी तसं सांगितलंही. बाकीच्यांची कारणं माझ्या वहीत आहेत. एकाची कंपनीत पहिली पाळी होती. एकीच्या घरी लग्नाची खरेदी होती. सर्वांत जास्त कारण पाण्याचं होतं. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं माणूस हलत नाही. 'मॅडम, शनिवारी आमचा पाण्याचा दिवस आहे,' यावर कुठल्याही समुपदेशकाकडं उत्तर नव्हतं. काहींनी कारण दिलं नाही, नुसते हसले. आमचं मूल शाळेत आहे, आम्ही नाही, असं त्या हसण्यात होतं.

जे आले त्यांना फारशी गरज नव्हती, हेही पहिल्याच दिवशी दिसलं. पहिल्या खुर्चीवर शबानाभाभी होत्या. रेल्वे स्टेशन रस्त्याला त्यांचं शिलाईचं दुकान आहे, मुलगी आयेशा मुक्ताच्या वर्गात. रमजान सुरू होता, भाभींना रोजा होता, तरी त्या दहाला दहा कमी असतानाच हजर. का येता, असं वर्ग घेणाऱ्या समुपदेशक मॅडमनी विचारलं तेव्हा भाभी म्हणाल्या, "घर में मेरी कोई सुनताच नै मॅडम. यहाँ कमसे कम कुर्सी तो मिलती."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. समुपदेशक मॅडम तरुण होत्या, हळू बोलायच्या, आणि त्यांनी त्या आठवड्यात एक चांगली गोष्ट केली होती. आठवीच्या सगळ्या मुलांना त्यांनी कागदाचा एकेक तुकडा दिला आणि सांगितलं, तुमच्या आई-वडिलांनी एक गोष्ट शिकावी असं तुम्हाला वाटत असेल तर ती लिहा. नाव घालू नका. तुमची चिठ्ठी तुमच्या घरी कधीच जाणार नाही. मुलांनी चिठ्ठ्या मिठाईच्या रिकाम्या खोक्यात टाकल्या. त्यातल्या काही पालकांपुढं वाचायच्या होत्या. कुणाचं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्या आधी टाइप करून घ्यायचं ठरलं. मराठी टाइप करणारं माणूस हवं होतं. खोका माझ्याकडं आला.

मी तो सोमवारी घरी, जेवणाच्या टेबलावर उघडला. बहुतेक चिठ्ठ्या अपेक्षेप्रमाणं होत्या. मोबाइल बघत बोलू नये. चुलत भावाचं नाव घेऊ नये. मम्मीनं माझी वही मावशीला दाखवू नये. एकानं लिहिलं होतं, काही नाही, ठीक आहेत. त्यांच्यात ही होती:

"मी अभ्यास करताना पप्पांनी मागं उभं राहून पट्ट्याचं बकल वाजवू नये. मारलं तरी चालेल, वाजवू नये."

अक्षर ओळखायची गरज पडली नाही. दिवाळीनंतर मुक्ता एकदा वर्गातल्या प्रणालीकडं अभ्यासाला गेली होती आणि अर्ध्या तासात परत आली होती. प्रणालीचे पप्पा मागं उभे राहतात आणि बेल्ट हातात घेऊन टिकटिक करतात, असं तिनं जेवताना सांगितलं होतं. मी तेव्हा पहिल्या पानाच्या मथळ्याबद्दल फोनवर बोलत होते.

प्रणालीचे वडील विष्णूभाऊ. मूळ गाव वैजापूर तालुक्यात, घरची जमीन भाऊ बघतात, हे वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर. त्यांना मी आधी दोनदा फोन केला होता. पहिल्यांदा त्यांनी पाळी सांगितली. दुसऱ्यांदा म्हणाले, "आमच्या बापानं कोनता कोर्स केला व्हता ताई? तरी आमी चार भाऊ लायनीला लागलो." आणि फोन ठेवला.

बुधवारी तिसरा फोन केला. मागं यंत्रांचा आवाज येत होता. मी सांगितलं की मुलांनी चिठ्ठ्या लिहिल्या आहेत, त्यातली एक तुम्ही ऐकावी. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय. मी वाचली. एक शब्दही बदलला नाही.

ते काही अंतर चालत गेले असावेत, कारण यंत्रांचा आवाज कमी झाला.

"नाव हाय का तिच्यावर?"

"नाही. नाव कुणाच्याच चिठ्ठीवर नाही."

"पर फोन तर तुमी मलाच केला ना, ताई."

मी म्हटलं, शनिवारी दहाला वर्ग आहे. ते म्हणाले, "शनिवारी टाइम काय म्हणले? दहा? येतो."

आमच्या व्यवसायात माहिती देणाऱ्याचं नाव सांगायचं नसतं. हा नियम मी अनेक वर्षं पाळला आहे. ठेकेदारांसाठी पाळला, बदली झालेल्या अधिकाऱ्यांसाठी पाळला, एकदा उघडउघड खोटं बोलणाऱ्या माणसासाठीही पाळला. तो तेरा वर्षांच्या मुलीलाही लागू होतो, हे त्या दुपारी माझ्या लक्षात आलं नाही, असं मी लिहू शकते. पण ते बरोबर होणार नाही. लक्षात आलं होतं. हा माणूस येणं जास्त महत्त्वाचं आहे, असा मी हिशेब केला होता. आणि चिठ्ठी टाइप करून मी मूळ कागद फाडला होता, तेवढी काळजी घेतली होती.

दुसऱ्या शनिवारी विष्णूभाऊ पहिल्या रांगेत कडेला बसले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, हातात कंपनीची डायरी. सुट्टी टाकून आले होते. शबानाभाभींनी विचारलं, कंपनी बंद पडली का भाऊ? ते म्हणाले, "नाय भाभी. आता बापाचीबी शाळा भरती."

मॅडमनी मी टाइप केलेला कागद आणला होता. त्यांनी त्यातल्या साध्या पाच-सहा चिठ्ठ्या वाचल्या. बकलची वाचली नाही. ती फार नेमकी आहे, असं त्यांनी आधी मला सांगितलं होतं. वाचण्याऐवजी त्यांनी तिच्यावरून एक खेळ बसवला होता. एका पालकानं फळ्यावर गुणाकार करायचा, दुसऱ्यानं मागं उभं राहून बाकावर लाकडी पट्टी वाजवायची. बोलायचं काही नाही. फळ्यावर त्यांनी विष्णूभाऊंना बोलावलं, कारण ते सर्वांत जवळ बसले होते. पट्टी शबानाभाभींना दिली.

मी तिसऱ्या रांगेत होते. मी हात वर केला नाही.

तीन आकड्यांना दोन आकड्यांनी गुणायचं होतं. रोजचं उत्पादन तोंडी सांगणारा माणूस तो. पट्टी वाजायला लागली. टक, टक, टक. भाभींनी ताल धरला होता, त्यांना मजा येत होती. विष्णूभाऊंची मान आधी खाली गेली, मग ताठ झाली. शर्टाच्या पाठीवर मधोमध घामाची रेघ उतरली. पहिली ओळ बरोबर आली. दुसऱ्या ओळीत ते हातचा विसरले, पुसलं, पुन्हा तोच विसरले.

"भाऊ, आठवी नापास," भाभी म्हणाल्या.

सभागृह हसलं. तिथं प्रत्येकाच्या घरी एक मूल असंच पाठमोरं बसत होतं, तरी हसलं. मी हसले नाही, पण त्यानं काही फरक पडला नाही. मॅडमनी विचारलं, कसं वाटलं? विष्णूभाऊंनी खडू फळ्याखाली ठेवला, रुमालानं एकेक बोट पुसलं आणि म्हणाले, "काय नाय. गरम हाय लई."

नंतर गाड्या लावल्या होत्या तिथं ते माझी वाट बघत होते. त्यांनी विचारलं, सगळ्यांना माहीत आहे का. मी म्हटलं, कुणालाही नाही. मग मलाच का बोलावलं, असं त्यांनी विचारलं. तुम्ही जवळ बसला होतात म्हणून, हे खरं उत्तर मी दिलं. ते हसले.

"तुमी पेपरवाले. आता छापायचंच राह्यलं तेवढं."

तिसऱ्या शनिवारचा विषय होता, न मारता शिस्त. मॅडमनी सांगितलं की मुलाचं एखादं वागणं नको असेल तर तेवढ्यापुरतं त्याच्याकडं लक्ष देऊ नका. ओरडू नका, समजावू नका, बघू नका. ते थांबलं की लगेच जवळ घ्या, बोला. त्यांनी एक तक्ताही दिला. रोजचा एक चौकोन. आज हात उचलला नाही, आवाज चढवला नाही, तर बरोबरची खूण. विष्णूभाऊ सगळं लिहून घेत होते. ज्या पद्धतीनं लिहीत होते ती मी बातमीदारांमध्येही क्वचित पाहिली आहे: समासात आकडा, मग सूचना, मग खाली रेघ. कंपनीत प्रशिक्षण झालं की दुसऱ्या दिवसापासून तसंच करावं लागतं, हे ते शेजारच्या आजोबांना सांगत होते.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. थांबलं, हे ठरवायचं कुणी?

मॅडम म्हणाल्या, तुम्हाला कळेलच.

चौथ्या शनिवारी अनुभव सांगायचे होते. शबानाभाभींनी सांगितलं की आयेशाचे अब्बा आता इफ्तारनंतर टीव्ही लावण्याआधी तिला दिवसभराचं विचारतात, आणि आयेशाला त्याचा इतका संशय आला की तिनं आईला विचारलं, अब्बाची तब्येत बरी आहे ना. माझ्याकडं सांगण्यासारखं थोडं होतं. चाचणी देऊन आलेल्या मुक्ताला मी पहिला प्रश्न मार्कांचा विचारत नव्हते, एवढंच. मग विष्णूभाऊ उठले. त्यांनी तक्ता दाखवला. सगळे चौकोन भरलेले, खुणा एका मापाच्या.

"हात उचलला नाय. पट्टा खुंटीवर. आवाज नाय. मागल्या शनिवारपासून मी तिच्याशी बोललोच नाय."

मॅडमच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. त्या म्हणाल्या, "छान, पण बोलणं थांबवू नका हं." बाहेर शिपाई परीक्षेसाठी बाक ओढत होते, सभागृह साडेअकराला रिकामं करून द्यायचं होतं. मुख्याध्यापक बाईंनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. तक्ता हातोहात मागच्या रांगेपर्यंत गेला. विष्णूभाऊंना प्रमाणपत्र मिळालं. त्यावर माझी सही आहे, संपर्क पालक म्हणून.

एप्रिल तसाच आला जसा दर वर्षी येतो. दारात टँकर, दुपारी बंद खिडक्या, कॉट ओढून कूलरसमोर. मुक्ता परीक्षेला जाताना तोंडातल्या तोंडात इतिहास म्हणायची. प्रणालीची आणि तिची बाकं मागंपुढं होती. तिसऱ्या पेपरनंतर मुक्तानं मला विचारलं की चिठ्ठ्या तूच टाइप केल्यास ना. मी हो म्हटलं. प्रणाली विचारत होती, तिनं सांगितलं. तिच्या घरी पप्पा आईला म्हणतात, तिला सांग जेवून घे. ती समोर बसलेली असते. तिला सांग पंखा बंद कर. पंख्याचं बटण तिच्याच हाताशी असतं.

"तू सांगितलंस का कुणाला?" मुक्तानं विचारलं.

"चिठ्ठ्यांवर नावं नव्हती," मी म्हणाले.

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मुक्तानं ते प्रणालीला जसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर प्रणाली आमच्याकडं आली नाही.

मी समुपदेशक मॅडमना सगळं सांगितलं, फोनच्या बुधवारपासून. मग त्यांनी विष्णूभाऊंना फोन केला. ते नम्रपणे बोलले. तुम्ही सांगितलं तेच करतोय, म्हणाले. कधीपर्यंत, असं मॅडमनी विचारलं. त्या चिठ्ठीबद्दल ती माफी मागेपर्यंत. तिनं मागितली नाही का? मागितली, ते म्हणाले, दोनदा मागितली, पण मनापासून नव्हती.

पुढची गोष्ट मला प्रणालीच्या आईनं, मंगलवहिनींनी, निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकात सांगितली. कलिंगडाच्या गाडीमागं थोडी सावली होती, तिथं. गणिताच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी प्रणालीनं खुंटीवरचा पट्टा स्वतः काढला. तो तिनं वडिलांसमोर नेऊन ठेवला. "पप्पा, मागं उभं राहा ना. वाजवा," म्हणाली. मग वह्या उघडून त्यांच्याकडं पाठ करून बसली. विष्णूभाऊंनी पट्टा उचलला, पुन्हा खुंटीला लावला आणि तक्त्यावर त्या दिवसाची खूण केली.

वहिनी हे सांगताना रडल्या नाहीत. त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुमच्या त्या वर्गात बायांनी काय करायचं ते नव्हतं का सांगितलं काही?" त्यांना मी फोन केला नव्हता. वडिलांना आणायचं, यावरच माझा सगळा भर होता.

मेमध्ये प्रणालीला मामाकडं, वैजापूरला ठेवलं. यंदा ती तिथल्या शाळेत नववीत आहे.

असे वर्ग असू नयेत, असं मला वाटत नाही. आयेशाचे अब्बा अजूनही टीव्हीआधी विचारतात. त्या अकरा बायांपैकी बहुतेकींच्या घरी एखादं तरी वाक्य बंद झालं असेल. यंदाचा संदेश आला तेव्हा मी तो पुसला नाही. डेस्कवर बसलेली असताना त्याच संध्याकाळी फोनही आला. शाळेत विष्णूभाऊंचा धाकटा मुलगा आता पाचवीत आहे. यंदा संपर्क पालक तेच आहेत. मुक्ताच्या वर्गाच्या पालकांनाही आपणच फोन करतोय, म्हणाले, शाळेनं सांगितलंय.

"या ताई शनिवारी. लई फायदा होतो. मी सोता करून बघितलंय."

येते, मी म्हणाले. मग प्रणालीचं विचारलं. बरी हाय, मामाकडं हाय, अभ्यासाला चांगली हाय. तुम्ही बोलता ना तिच्याशी, असं मी विचारलं.

"बोलतो की," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मंगलवहिनींना फोन केला. दिवाळीत प्रणाली चार दिवस घरी होती. पाचव्या दिवशी सकाळी वडिलांनी तिला मोटरसायकलवरून संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर सोडलं. घरापासून स्थानकापर्यंत दोघं काही बोलले नाहीत. बस लागली तेव्हा ते तिची पिशवी घेऊन वर चढले, तिला खिडकीची जागा मिळवून दिली आणि खाली उतरताना कंडक्टरला म्हणाले, "हिला वैजापूरला उतरवा."